शेवरीची ओळ

"हिलाल, शेपटाला तुझी लेक आहे."

श्रीपत आबा बसल्या जागेवरून म्हणाले. आवाज चढवला नाही, हातातली सुपारी कातरणंही थांबवलं नाही. पण देवळीच्या ओट्यावरची वीस-बावीस माणसं एकदम गप्प झाली. मी खाली लिंबाच्या मुळीवर बसले होते. हिलाल म्हणजे माझे आप्पा. त्यांची भाकरी फडक्यात बांधून आणली होती, ती गार होत होती. माघाची कोवळी उन्हं होती तरी माझ्या पायाखालची माती मला भाजायला लागली.

आप्पा उभेच होते. पाटकरी बैठकीत बसत नाही, ही आमच्याकडची रीत. खांद्यावर फावडं, पायाला पोटरीपर्यंत सुकलेला चिखल.

"आहे ना," आप्पा म्हणाले. "लेक आहे. पण बारी उलटीच होईल, आबा. बंधाऱ्यात उतरून आलो आज. पाणी तिसऱ्या पायरीच्या खाली गेलंय."

थोडं सांगायला हवं. आमच्या निमखेड्यात नदीला दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो, अर्धा कोस वाहतो आणि बावीस शेतांना पाजून नाल्याला मिळतो. ह्या बावीस शेतांचा मिळून एक फड. बंधाऱ्याजवळची शेतं माथ्याची, लांबची शेपटाची. आणि फडाचा नेम असा, की आपल्या शेताचं दारं, म्हणजे पाटातून पाणी घ्यायचं तोंड, आपण उघडायचं नाही. शेतमालकानं बांधावर उभं राहायचं, हात मागं घेऊन. पाणी सोडणार पाटकरी. त्या पाटकऱ्याची पाटाखाली एका वाफ्याचीही जमीन असायची नाही. माझ्या आजोबांनी फावडं हाती घेतलं त्या दिवशी फडातलं शेत सोडलं आणि टेकडीवरचं कोरडवाहू रान घेतलं.

कुणानंतर कोण, हे कुठल्या कागदावर नव्हतं. गाण्यात होतं. त्या गाण्याला आम्ही बारी म्हणायचो. नव्या पाळीच्या दिवशी, सूर्य वर येता येता, पाटकरी पाटाच्या कडेनं चालत सगळी बारी म्हणायचा:

जांभळीचं शेत, पाणी सावलीत जाई,
खडकीचं शेत, पाणी दगडाला न्हाई.
वाकडीचं शेत, पाणी कंबरेत मोडे,
देवळीचं शेत, पाणी हात त्याला जोडे…

अशा जोडीजोडीनं बावीस ओळी. मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेल्या. शेवटची जोडी मला सगळ्यांत आवडायची, कारण तिथं पोचेपर्यंत आप्पांचा आवाज दमून मऊ झालेला असायचा:

शेवरीचं शेत, पाणी पायाशी निजे,
बोरीचं शेत, तिथं तहान विझे.

ह्या शेवरीच्या शेतात माझी रुखमाताई दिली होती.

पाटकऱ्याची लेक पाटाखाली देत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आप्पांनाही. पण तेव्हा आमची माय अंथरुणाला खिळलेली. "एक तरी लेक हाकेच्या अंतरावर राहू द्या हो," म्हणून ती रडली, आणि आप्पांनी रुखमाताई भागवत शेवरीवाल्याला दिली. माय त्याच पावसाळ्यात गेली. लेक पाटाखाली राहिली.

"उलटी बारी कुठल्या गाण्यात आहे?" वाकडीच्या सुकदेवनं विचारलं. तो तरणाताठा, शब्दाला शब्द देणारा.

आप्पांनी गळा साफ केला आणि उभ्या उभ्या म्हटलं:

भरला वाहे पाट, माथ्यापासून वाट,
आटला वाहे पाट, शेपटापासून गाठ.

"माथ्याला पाटाचा पाझर आहे," ते म्हणाले. "पाणी उशिरा आलं तरी गहू तग धरतो. शेपटाला पाझर नाही. वरून पाजत आलो, तर खालच्या सहा शेतांपर्यंत थेंब पोचायचा नाही."

"आम्ही नाही ऐकलं हे कडवं कधी."

"गरज पडली नाही म्हणून. माझ्या बापानं एकदाच म्हटलं होतं. वेडू नाना, तुम्ही होतात ना तेव्हा?"

वेडू नाना म्हणजे फडातलं सगळ्यांत म्हातारं माणूस. त्यांनी बोळकं हलवलं. "होतो ना भो. मायच्या कडेवर होतो. पण मला गाणं कुठलं आठवायला! मला फक्त दूध आठवतं."

सगळे हसले. आबा हसले नाहीत; फडातलं सगळ्यांत माथ्याचं, जांभळीचं शेत त्यांचं.

"गाणं तुझ्या घरात," ते म्हणाले, "फावडं तुझ्या हातात, आणि लेक शेपटाला. आता आम्ही काय समजायचं, तूच सांग."

आप्पांनी फावडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. लबाड माणसानं उत्तर दिलं असतं.

सुकदेव उठून उभा राहिला. "मी म्हणतो, पाटकरी हवाच कशाला? पाणी नदीचं. पाट आपल्या आज्यांनी खणला. गहू आपला. मग हा मधे कोण? ज्यानं त्यानं आपलं दारं उघडावं, गरजेपुरतं घ्यावं, पुढच्याला सोडावं. माणसं आहोत ना आपण?"

"माणसं आहोत म्हणून तर पाटकरी लागतो, भो," वेडू नाना पुटपुटले. "बैल असतो तर दाव्यावर भागलं असतं."

पण आता कोणी हसलं नाही, ऐकलंही नाही. एकेक हात वर होत गेला. शेपटाचेही दोन-चार हात वर गेले. आपल्या पाण्यासाठी हिलालची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून असेल. आप्पांनी खांद्यावरचं फावडं उतरवलं, पात्याचा चिखल बोटानं निपटला आणि ते ओट्यावर, देवाच्या बाजूला, आडवं ठेवलं. मग घराकडे चालायला लागले. मी भाकरी घेऊन मागं धावले.

दुपारी मी शेवरीला गेले. ताईची सासू खळ्याच्या दारातच होती.

"या पाटकरीणबाई," ती म्हणाली. "पाटकऱ्याची लेक करून आणली, म्हटलं घरात पाणी तरी येईल. आता पाटही गेला आणि पाटकरीही गेला. राहिली नुसती लेक."

ताई गव्हात होती. तिनं एक ओंबी तोडली, दाणा दोन नखांत धरून दाबला. पांढरं दूध टचकन तिच्या अंगठ्यावर आलं.

"बघ, दुधात आलाय," ती म्हणाली. "आठ दिवस, द्वारके. आठ दिवसांत एक पाणी मिळालं तर दाणा भरतो. नाहीतर जिऱ्यासारखा होऊन बसतो. वर्षाचं खाणं आहे हे."

"मिळेल गं."

"कोण देणार?"

ताई हसली, आणि हसता हसता दूध लागलेला अंगठा पदराला पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली.

पहिला दिवस फार गोडीत गेला. "तुम्ही घ्या." "नाही नाही, आधी तुम्ही." सुकदेव मिशीला पीळ देत फिरत होता. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वाटलं, आपण जरा कमीच घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटावर गलका झाला म्हणून मी धावत गेले, तर सुकदेव आणि देवळीचा काशिराम एकमेकांसमोर फावडी घेऊन उभे.

"वाकडीनंतर देवळी!" काशिराम म्हणाला.

"आणि वाकडी कशानंतर?"

"ते… ते तुझं तू बघ!"

प्रत्येकाला फक्त आपल्या आधीची ओळ माहीत होती. तीच ऐकून तर तो इतकी वर्षं चपला घालून बांधावर येत होता. सगळी बारी कोणालाच येत नव्हती. वेडू नाना पाटाच्या पलीकडून ओरडले, "अरे, आधी कंबर मोडते, मग हात जोडतात! गाण्यात तसंच आहे!" आणि खरंच तसंच झालं. सुकदेवच्या फावड्याचा दांडा काशिरामच्या मनगटावर बसला आणि काशिराम हात छातीशी धरून पाटातच बसला.

शेतं राखणाऱ्या जागल्यानं त्याच दिवशी काठी घरात ठेवली. गव्हात म्हशी शिरल्या होत्या, कोणी त्याला हटकलं तर म्हणाला, "म्हैस धरतो, पण नेऊ कुणापुढं? तुम्ही सगळेच मालक."

आप्पा घरात बसून दोर वळत होते. आमचं घर पाटाच्या तोंडाशी; भिंतीला कान लावावा लागत नाही, पाणी आपणहून ऐकू येतं. ते वळता वळता थांबायचे, मान कलती करायचे. "खडकीला दोन दारी उघडी आहेत," म्हणायचे. नाहीतर, "गाळ साचलाय, पाणी घशात अडकल्यासारखं वाजतंय." उठायचे, दारापर्यंत जायचे, हात खांद्याकडे न्यायचे. खांद्यावर काही नसायचं. परत येऊन बसायचे. त्या पाच दिवसांत आमच्या घरात दोराची एवढी वेटोळी झाली की पाय ठेवायला जागा राहिली नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी त्यांनी एकदम दोर टाकला. "फुटला. वाकडीच्या वळणाला."

मी पळत गेले. खरंच फुटला होता. सुकदेवनं तिथंच काठ कापून जास्तीचं तोंड पाडलं होतं. ते रुंद होत होत हातभर झालं आणि अख्खा पाट नाल्यात चालला होता. नाला भरून वाहत होता आणि बावीस शेतांतली माणसं दोन्ही काठांवर उभी राहून बघत होती.

"काठ कुणाचा हा?" कोणीतरी विचारलं.

"पाटाचा."

"मग पाट कुणाचा?"

"सगळ्यांचा."

आणि सगळे उभे होते. फावडी सगळ्यांच्या हातात होती. पहिलं ढेकूळ कोणी टाकायचं, ते कोणाला कळत नव्हतं.

मी घरी येऊन आप्पांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "जा ना! नुसते काय बसलात!"

"फावडं कुठाय?"

"शेजारून आणते."

"त्यांनी फावडं काढून घेतलंय, द्वारके. त्यांनी बोलावल्याशिवाय पाटाला हात लावला, तर मी आणि सुकदेव सारखेच."

"आणि ताईचा गहू?"

त्यांनी दोर उचलला. वळायला घेतला, तर पीळ उलटा बसला. सोडून पुन्हा घेतला. पुन्हा उलटा.

त्या संध्याकाळी मी लांबून पाहिलं, ताई आणि तिची सासू नदीच्या डोहातून घागरी आणत होत्या. घागरीनं शेत भिजत नाही. त्या बांधाकडची एकच ओळ भिजवत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासू चालता चालता शिव्या देत होती, नदीला, देवाला, आप्पांना. पण घागर डचमळू देत नव्हती.

सहाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी श्रीपत आबा आमच्या दारात आले. हातात आप्पांचं फावडं होतं. ते उंबऱ्यावरच टेकले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"माझा गहू आडवा झाला," ते म्हणाले. "पाणी जास्त झालं."

आप्पांनी हातातला दोर खाली ठेवला.

"दारं उघडं आहे सहा दिवस. रोज बंद करायला जातो, आणि वाटतं, उद्या नाही मिळालं तर? एक ढेकूळ टाकायचं, हिलाल. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला एक ढेकूळ टाकवलं नाही. पिकाला बुडताना बघत उभा राहिलो."

मी त्यांना पाणी दिलं. ते तांब्या हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

"काठ बांधून घेतला आज सकाळी. सुकदेवच आधी उतरला पाण्यात. रडत होता, काशिरामचा हात सुजलाय म्हणून. उद्या बारी म्हण."

"उलटी म्हणेन."

"उलटी म्हण. सगळ्यांना विचारून आलोय. वेडू नानांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली की त्यांना कडवं आठवलं."

"आठवलं का त्यांना?"

"दूधच आठवत असेल," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडं हसले.

ते गेल्यावर आप्पा फावडं मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. सहा दिवसांत पात्यावर गंज धरला होता, तो विटेच्या तुकड्यानं घासत राहिले. मी आनंदानं चुलीला जाळ घातला. आठ झाले नव्हते. सहाच दिवस झाले होते. उद्या पहिल्या दोन शेतांतच ताईचं पाणी.

"द्वारके," ते म्हणाले, "उद्या शेवरी सोडायची."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी चिमटा चुलीत तसाच सोडून उठले. "बारीत आहे ती! तिच्या आज्यासासऱ्यापासून आहे. बारीतली ओळ गाळणं म्हणजे खोटं गाणं."

"खोटंच."

"मग?"

"ह्या खोट्याचा चटका माझ्या घराला बसेल. शेवरी ठेवली, तर तो सगळ्या फडाला बसेल. आज सगळे घाबरलेत म्हणून हो म्हणतायत. पुढच्या सालात पोटं भरली की म्हणतील, हिलालनं लेकीसाठी कडवं जोडलं. मग उलटी बारी कायमची गेली. मग बोरीच्या गजराजिजीला, त्या एकट्या बाईला, कोण पाणी देणार? तिची लेक कुठल्या पाटकऱ्याला दिलेली नाही."

"ताईनं काय केलं?"

"काही नाही. चूक मी केली, तुझी माय रडली तेव्हा." ते थांबले. "मी सांगतो तिला."

ते सांगायला गेले नाहीत. दोनदा वहाणा घातल्या, दोनदा काढल्या. शेवटी दिवस मावळायच्या आधी मीच निघाले. बांधापाशी पोचले तर ताई घागर रिकामी करत होती. मला बघून तिनं घागर वर उचलून हलवली.

"उद्या उलटी म्हणे!" ती लांबूनच ओरडली. "न्हाऊनमाखून येणार बघ मी बांधावर! आत्ताच सासूबाई म्हणाल्या, लेक कामाची निघाली!"

मी हात हलवला आणि परत आले.

सातव्या दिवसाची सकाळ. तांबडं फुटलं आणि माणसं आपापल्या बांधावर येऊन उभी राहिली, हात मागं घेऊन. सहा दिवस ज्या हातांनी काठ कापले, मनगटं मोडली, ते बावीस घरचे हात पाठीमागं एकमेकांत गुंफलेले. कोणी सांगितलं नव्हतं. काशिरामचा एकच हात मागं होता. दुसरा गळ्यात बांधलेला.

आप्पा शेपटापासून निघाले. मी त्यांच्या मागं, पाण्याची कळशी घेऊन. त्यांनी सूर लावला:

बोरीचं शेत, तिथं तहान विझे…

गजराजिजीनं वाकून पाटाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. आम्ही चाललो. वीस-पंचवीस पावलं. शेवरीच्या दाऱ्याशी ताई उभी होती. न्हालेली, केस ओले, इरकली लुगडं नेसलेली. सासू तिच्या मागं. ताई माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसत होती.

आप्पा उभे राहिले. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

ओळ म्हणता येत नव्हती आणि सोडूनही पुढं जाता येत नव्हतं. त्यांचा गळा नुसता वरखाली होत होता. सगळा फड कान देऊन उभा होता. लांब माथ्यापर्यंत एक माणूस हलत नव्हता. पाटातलं पाणीसुद्धा कोणाच्या तरी तोंडाकडे बघत असल्यासारखं संथ होतं.

मला सगळी बारी येत होती. माझ्याशिवाय आणि आप्पांशिवाय जगात कोणाला येत नव्हती. "शेवरीचं शेत" एवढे दोन शब्द मी म्हटले असते तर पाणी डावीकडे वळलं असतं. कोणी काही बोललं असतं का? मला अजून माहीत नाही. चाळीस वर्षं झाली, मी हे रोज स्वतःला विचारते, आणि रोज उत्तर वेगळं येतं.

मी सूर उचलला:

आंबराईचं शेत, पाणी पाखरांचं पिणं…

आणि चालायला लागले. न थांबता, न बघता. आप्पा माझ्या मागं येत होते, मग हळूहळू त्यांचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. विझेला निजे मिळालं नाही. जोडी मोडली. बावीस शेतांतल्या ज्या माणसांना गाण्यातली एकच ओळ यायची, त्यांच्याही कानाला ते लागलं. मला त्यांच्या मानांवरून दिसत होतं.

मागं वळून मी एकदाच पाहिलं. ताई खाली वाकली होती. तिनं एक मोठं ढेकूळ घेतलं, आपल्या दाऱ्यात बसवलं, वर ओली माती थापली आणि टाचेनं दाबली. पाझरानंही पाणी येऊ नये इतकं घट्ट. सासूनं तिच्या हाताला धरलं, तर तिनं सोडवून घेतलं.

माथ्याला पोचलो तेव्हा जांभळीच्या बांधावर आबा उभे होते.

"हिलाल, एक ओळ राहिली," ते हळूच म्हणाले.

"राहिली."

"मी काही बोललो नसतो रे."

"आज नसता बोललात, आबा," आप्पा म्हणाले, आणि परत बोरीकडे दारं उघडायला चालू लागले.

पाणी पुरलं. पुरतं नाही, पण माथ्यापर्यंत ओलावा गेला, पाझरानं बाकीचं सांभाळलं. एकवीस शेतं कमीजास्त पिकली. शेवरीचा गहू उभ्या उभ्या वाळला. घागरीनं भिजवलेली बांधाकडची एक ओळ तेवढी भरली. ताईनं ती बियाण्याला ठेवली. भागवतदाजी त्या उन्हाळ्यात खडी फोडायला परगावी गेले.

कापणीला पाटकऱ्याला प्रत्येक शेतातून एक पेंढी मिळते. त्या वर्षी एकवीस आल्या. आप्पांनी त्या सगळ्या गाडीत घालून मला शेवरीला पाठवलं. ताईनं दारातच गाडी थांबवली.

"परत ने. पाटकऱ्याच्या घरचं मी घेतलं, तर उद्या तेच बोलतील."

"ताई…"

"बैल उभे राहून दमतात," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढं आप्पा गेले. गावानं फावडं माझ्या हातात दिलं. बाईला पाटकरी करायचं म्हणून ओट्यावर कुजबुज झाली, तेव्हा वेडू नाना म्हणाले होते, "पाण्याला विचारा, त्याची हरकत आहे का." माझं लग्न झालं होतं ते कापसाच्या जिनिंगमधल्या एका भल्या माणसाशी, ज्याची कुठंच बोटभर जमीन नव्हती; आमच्या घराला तेच स्थळ. सव्वीस वर्षं मी बारी म्हटली. सरळ बारी पुष्कळदा, उलटी तीनदा. तिन्ही वेळा माथ्याकडून कोणी हूं का चूं केलं नाही, उलट सुकदेवच पोरांना दटवायचा, "उलटी म्हटली की उलटी. इथं हिलालनं काय सोडलं ते तुम्हाला काय ठाऊक!" पुढं ताईचा मुलगा मोठा झाला, शेत त्याच्या नावावर झालं, आणि फडानं बसून ठरवलं की भाचा म्हणजे लेक नव्हे. उलट्या बारीत शेवरीची ओळ परत आली. मीच म्हटली. ताई त्या दिवशी बांधावर आली नाही.

ताई माझ्याशी बोलायची. लग्नकार्यात, आजारपणात, सणावारी. त्या सकाळीबद्दल कधीच नाही. मीही नाही.

मागच्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी होती तेव्हा मी आठ दिवस तिच्याकडे होते. एके दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती, मी शेंगा सोलत होते. ती एकदम म्हणाली, "द्वारके, बारी म्हण."

"कुठली?"

"उलटी."

मी म्हटली. बोरीचं शेत, तिथं तहान विझे. शेवरीचं शेत, पाणी पायाशी निजे. मी पुढं जाणार, तर तिनं चाचपडत माझं मनगट धरलं.

"तेव्हा सोडलीस, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "मला तिथंच कळलं होतं. आप्पांचा गळा बघितला आणि कळलं. मीही तेच केलं असतं." मग तिनं मान मागं टेकवली. मला वाटलं, झोप लागली. "पण तू थांबली नाहीस गं. एका दमात पुढं गेलीस. निदान तिथं एक श्वास तरी घ्यायचा होतास."

शेंगा माझ्या मांडीवरून खाली सांडल्या. त्या तशाच राहिल्या.

आता फावडं काशिरामच्या सुनेकडे आहे. तिनं बारी माझ्याकडूनच घेतली. देवळीचं शेत जावेच्या नावावर करून, पाटाखालचं सगळं सोडून. उलटी शिकवताना मी बोरीनंतर थांबले, तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, बोरी झाल्यावर इथं थांबायचं का? ताल तुटतो."

"थांबायचं," मी म्हटलं. "एक श्वास."

तिनं का म्हणून विचारलं नाही. म्हणते ती तसंच. उलटी बारी असते त्या सकाळी मी घराच्या पायरीवर बसून ऐकते. बोरीची ओळ संपते, आणि एका श्वासापुरती बावीस शेतं हात मागं घेऊन गप्प उभी असतात. मग शेवरीचं नाव येतं.